घुमट आरतीच्या ध्वनिमुद्रणासाठी दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस

फोंड्यातील घरी घुमट आरत्यांचे (घुमट या गोव्यातील मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरत्यांचे) ध्वनिमुद्रण करण्यासाठी घेतलेला हा इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज संगणकात पोहोचवणारे यंत्र, रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरशी जोडताना आधी निर्मात्याचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोहोचवणारा जोडणी-प्रोग्रॅम) बसवून तो रीपरच्या ऑडिओ डिव्हाइस विभागात निवडावा लागतो. अन्यथा संगणकाचा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरला जातो आणि गायलेला स्वर हेडफोनमध्ये जाणवण्याइतका उशिरा पोहोचतो. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ सॅम्पलांचा (आवाजाच्या सूक्ष्म नमुन्यांचा) बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ठेवल्यास त्याचा विलंब सुमारे २.७ मिलिसेकंद होतो आणि गायक तालात राहतो. जुन्या लॅपटॉपवर आवाज तुटू लागल्यास बफर २५६ सॅम्पलांचा करावा. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच मायक्रोफोनला मिळणारी वीज) केवळ कंडेन्सर मायक्रोफोनसाठी सुरू करावा.

घुमटाचा नाद खोल असला तरी थापेचा पहिला आघात अतिशय तीव्र असतो (२०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून गौरवलेल्या या वाद्याचे मुद्रण फाटक्या आवाजात होऊ नये, असे मला मनापासून वाटते), म्हणून सर्वांत जोरकस थाप मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा) राहील इतकाच गेन, म्हणजे इनपुटची आवाजवाढ, द्यावा. इतक्या कमी गेनवरही घुमटामागे गायली जाणारी आरती स्वच्छ, खरखरीविना ऐकू येते, आणि माझ्या मते हाच या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे. सोबत मिळणारी यूएसबी केबल मात्र फारच आखूड आहे.