तळटिपा चोख, तारखा सैल: एका विधी नियतकालिकाकडे लेख पाठवण्याचा अनुभव

मी पुण्यात दिवाणी वकिली करते आणि माझ्याकडील बरीचशी प्रकरणे सहकारी गृहनिर्माण संस्थांची असतात. मोफा म्हणजे सदनिकांच्या मालकीविषयीच्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याखाली होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणावर, म्हणजे विकासकाने टाळले तरी इमारत व जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याच्या तरतुदीवर, मी सुमारे साडेआठ हजार शब्दांचा इंग्रजी लेख लिहिला आणि दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत परराज्यातील एका राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या विद्यार्थी-संपादित नियतकालिकाकडे पाठवला. लेख स्वीकारला गेला आणि छापूनही आला, मात्र त्याला चौदा महिने लागले. नियतकालिकाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या गोष्टींबद्दल तक्रार आहे त्या इतरत्रही आढळतात, असे लेख पाठवणारे सहकारी सांगतात.

लेख पाठवण्याची प्रक्रिया सोपी होती. संकेतस्थळावरील अर्जात लेखाची वर्ड फाइल, अडीचशे शब्दांचा सारांश आणि लेख अन्यत्र पाठवलेला नसल्याचे हमीपत्र जोडायचे होते. शुल्क नव्हते, मानधनही नव्हते. पोच त्याच दिवशी आली. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून नाव केवळ पहिल्या पानावरून नव्हे, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही काढावे, अशी सूचना होती. इथे माझी एक अडचण झाली. लेखात चर्चिलेल्या एका प्रकरणात मी संस्थेच्या बाजूने वकील होते आणि ते सांगणे माझे कर्तव्य होते. पण तळटिपेत तसे लिहिले असते तर परीक्षकाला माझे नाव निकालपत्रातून दोन मिनिटांत सापडले असते. संपादकांनी तो खुलासा सोबतच्या पत्रात घेतला आणि लेख स्वीकारल्यावर तळटिपेत घातला. विशी-बाविशीतल्या मुलांनी हा मार्ग स्वतःहून सुचवला, याचे मला कौतुक वाटले.

पुढच्या टप्प्यावर मात्र खटका उडाला. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने सतरा टक्के आकडा दाखवला आणि दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे कारण देऊन लेख परत आला. अहवाल उघडून पाहिला, तर बहुतेक साम्य मोफाच्या कलम ११ च्या अवतरणाचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे हे खरे, पण त्याच विनियमांनी योग्य श्रेय देऊन केलेली अवतरणे, संदर्भसूची आणि कायद्यांचा मजकूर या मोजणीतून वगळले आहेत. कायद्यावरच्या लेखात कायद्याचे कलम शब्दशः द्यावेच लागते. ते आपल्या शब्दांत फिरवून लिहिणे हाच खरे तर दोष. मी विनियमाचा हवाला देऊन उत्तर पाठवले आणि आठवड्याभरात लेख पुन्हा विचारात घेतला गेला. विधी शाखेच्या नियतकालिकाला हे सांगावे लागावे, याचे नवल मात्र वाटत राहिले.

परीक्षकांच्या दोन अभिप्रायांपैकी पहिल्यासाठी चौदा महिन्यांचा बराचसा त्रास मी विसरायला तयार आहे. विकासकाने संस्थेच्या नावे हस्तांतरण करून द्यायचे असते आणि करारात मुदत ठरलेली नसेल, तर नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. त्याने ते टाळले, तर संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे जाऊ शकते. उपनिबंधकाच्या आदेशाने मालकीचा वाद कायमचा मिटतो, असे सूचित करणारे एक वाक्य माझ्या लेखात होते. परीक्षकाने माझदा कन्स्ट्रक्शन विरुद्ध सुलतानाबाद दर्शन या मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाकडे बोट दाखवून लिहिले की, मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाचाच असतो, आणि तसे असेल तर लेखाचा तिसरा भाग पुन्हा मांडायला हवा. निकाल मला माहीत होता. पण लेखाच्या ओघात मी त्याच्यापुढे निघून गेले होते. दुसऱ्या अभिप्रायात अमेरिकेतील सदनिका-कायद्याशी तुलना करावी, एवढेच होते. त्याविषयी न लिहिलेले बरे.

संपादनाचा खरा कस तळटिपांत लागला आणि तिथे या मुलांना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. लेखात एकशे बारा तळटिपा होत्या आणि त्यांतील प्रत्येक संदर्भ मूळ निकालाशी ताडून पाहिला गेला. दोन ठिकाणी माझा परिच्छेद क्रमांक चुकला होता, एका ठिकाणी निकालाचे वर्षच चुकले होते. उच्च न्यायालयाच्या नव्या तटस्थ, म्हणजे कोणत्याही प्रकाशकाच्या निकालसंग्रहावर अवलंबून नसलेल्या, संदर्भक्रमांकातील ‘बीएचसी-एएस’ ही अक्षरे एका संपादिकेला आधी टंकनदोष वाटली; ती अपिलीय शाखेची खूण आहे हे कळल्यावर तिने सगळ्या तळटिपांत तो क्रमांक एकसारखा केला. मराठी शासन निर्णयांच्या बाबतीत मात्र धांदल झाली. नियतकालिक ब्लूबुक ही अमेरिकी संदर्भपद्धती पाळते, आणि शासन निर्णयाचा विभाग, क्रमांक, दिनांक आणि संकेतस्थळावरचा लांबलचक संगणक सांकेतांक यांपैकी काय ठेवायचे यावर सहा ईमेल झाले. ‘सातबारा’ या शब्दाला स्वतंत्र तळटीप लागली आणि ती चार ओळींत बसवताना माझी दमछाक झाली. ब्लूबुक विकत घ्यावे लागते. ऑक्सफर्डची ऑस्कोला पद्धती विनामूल्य उपलब्ध आहे. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या लेखकासाठी हा फरक लहान नाही.

आता वेळेविषयी. विद्यार्थ्यांचे संपादक मंडळ दरवर्षी उन्हाळ्यात बदलते. एप्रिलच्या अखेरीस पहिली फेरी पार झाल्याचे कळले, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत एकाही ईमेलला उत्तर आले नाही. नव्या मंडळाने मग विचारले की, आपण लेख कधी पाठवला होता? जुन्या मंडळाने सूचनापत्रात ब्लूबुकची विसावी आवृत्ती सांगितली होती, नव्याने एकविसावी मागितली. हे सगळे निभावले असते, पण हमीपत्रामुळे तोवर लेख दुसरीकडे पाठवता येत नव्हता. अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित विधी नियतकालिकांकडे एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवण्याची रीत रूढ आहे, आणि एकाकडून होकार आला की इतरांना लवकर निर्णय द्या असे कळवता येते. आपल्याकडे अनन्यतेची अट घालायचीच असेल, तर तिला मुदतही असावी. साठ दिवसांत निर्णय न झाल्यास लेखक मोकळा, एवढे एक वाक्य हमीपत्रात पुरे.

प्राध्यापक मित्र पहिला प्रश्न विचारतात तो ‘केअरमध्ये आहे का?’ हा. केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) दर्जेदार मानलेल्या नियतकालिकांची यादी. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालणारी ही यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली, तरी प्रश्न गेलेला नाही. परीक्षणाविना दोन दिवसांत स्वीकृतिपत्र आणि लगेच पैसे भरण्याचा दुवा पाठवणारी नियतकालिके त्यावरच जगतात. मलाही तसे एक पत्र आले होते.

पदोन्नतीसाठी ठरावीक तारखेच्या आत लेख छापून हवा असेल, तर इथे पाठवू नका. पाठवायचाच असेल, तर नवे मंडळ स्थिरावल्यावर, ऑगस्टमध्ये पाठवा, आणि कॉपीराइटचा करार सही करण्याआधी वाचा. माझ्या करारात स्वतःच्या संकेतस्थळावर लेख ठेवण्याविषयी एक शब्दही नव्हता. विचारल्यावर त्यांनी परवानगीचे कलम घातले, आणि ते मात्र त्याच दिवशी.