कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) बदलायच्या आधी यांना बोलवा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं सांगतो, पण कामात खोट नाही हे आधीच सांगून टाकतो.

सांगलीच्या गणपती पेठेतलं हे इलेक्ट्रिकचं दुकान, बाहेरून बघितलं तर वायरची भेंडोळी आणि पंख्यांचे खोके एवढंच दिसतं, पण मालक स्वतः वायरमन आहेत, हाताखाली दोन पोरं आहेत आणि घरी येऊन काम करतात. सगळे त्यांना मामाच म्हणतात. आमचं घर गावभागात, जुनं, वायरिंग वडलांच्या काळातलं आणि त्यात गरज लागेल तसे बोर्ड वाढवत नेलेले, म्हणजे कुठली वायर कुठं जाते ते देवालाच माहीत. पोराच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला मागनं हात लागला की झिणझिण्या यायच्या, अनवाणी असलं की जास्त, चप्पल घातली की कमी, टेस्टर लावला तर बारीक लाल पेटायचा. कॉम्प्युटरवाला म्हणला एसएमपीएस गेलाय, नवीन बसवला, पैसे गेले आणि झिणझिण्या तशाच. मग ओळखीतनं एक वायरमन आला, बोर्ड उघडून काहीतरी केलं, "झालं अर्थिंग" म्हणून गेला. आणि खरंच करंट यायचा बंद झाला की.

मामांना आम्ही खरं तर इन्व्हर्टरचा पॉइंट काढायला बोलवलं होतं. त्यांनी तो बोर्ड खोलला आणि पहिलं वाक्य "हे कुणी केलंय ओ?" थ्री पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थच्या, त्या पठ्ठ्यानं न्यूट्रलमधनंच (करंट परत नेणारी वायर) एक तुकडा मारून लूप दिला होता. झिणझिण्या जातात त्यानं, पण मामा म्हणले की न्यूट्रल कुठं सैल झाला किंवा तुटला तर फेज (करंट आणणारी वायर) पंख्यातनं बल्बमधनं फिरून त्याच न्यूट्रलवर येतो आणि न्यूट्रल बॉडीला बांधलाय म्हणल्यावर सरळ कॅबिनेटवर २३० व्होल्ट. आणि बाहेर दुरुस्ती करताना कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर काही तुटायचीसुद्धा गरज नाही. तो लूप त्यांनी आधी काढला मगच चहा घेतला. हे काम सर्रास होतं म्हणे गावात, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितोय, ज्यांच्याकडं "दहा मिनिटांत अर्थिंग" झालंय त्यांनी बोर्ड उघडून दाखवून घ्या.

लूप काढल्यावर झिणझिण्या परत चालू, ते साहजिकच. त्यांनी मल्टिमीटर लावून दाखवलं, कॅबिनेट ते जमीन शंभरच्या वर व्होल्ट. माझं तोंड बघून हसले आणि म्हणले तुमचा एसएमपीएस चांगला आहे, जुना पण चांगलाच होता. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर असतात, आतला इलेक्ट्रिकल कचरा अर्थकडं पाठवायला. अर्थच नसला की बॉडी दोघांच्या मधोमध लोंबकळत राहते, २३० च्या अर्धं म्हणजे ११५ च्या आसपास. व्होल्ट दिसायला मोठे पण त्यातनं येणारा करंट एक मिलिअँपच्या आतबाहेर, म्हणून नुसतं झिणझिणतं. पण एकाच बिनअर्थच्या मल्टिप्लगवर सीपीयू, मॉनिटर, प्रिंटर असं सगळं असलं की सगळ्यांच्या बॉडी पट्टीतल्या अर्थच्या वायरनं एकमेकीला जोडलेल्या असतात आणि सगळ्यांची गळती बेरीज होऊन हात लावणाऱ्यातनं जाते. चालू मशीनला एचडीएमआय खोचताना बारीक ठिणगी उडते ना, ती हीच, पोर्ट जायला तेवढं पुरतं कधीकधी. कॉम्प्युटरवाल्यानं हे सांगितलं असतं तर एसएमपीएसचे पैसे वाचले असते, असो.

मग मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा शोधला. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं पाणी होतं, चेंबरमध्ये तेव्हाचा गाळ तसाच घट्ट बसलेला, तो उकरला तर खाली पाइप होता पण त्याच्यावरनं घरात जाणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार नटबोल्टपाशी गंजून तुटून पडलेली. म्हणजे अर्थिंग होतं, घराशी त्याचा संबंध नव्हता. आणि नंतर वाढवलेल्या बोर्डांत तर हिरवी वायर ओढलेलीच नव्हती, सॉकेट थ्री पिनचं आणि मागं वायरी दोनच!

नवीन पाइप टाकताना मामांनी मातीवर जे सांगितलं ते मला लई आवडलं. आपली कृष्णाकाठची काळी माती ओली असली की अर्थिंगला एकदम भारी, करंट पटकन ओढून घेते. पण मे महिन्यात हीच माती आकसते, भेगा पडतात, पाइपाला सोडून बाजूला होते आणि अर्थिंग असून नसल्यासारखं. म्हणून पाइपाभोवती कोळसा-मीठ, वर चेंबर, त्यात नरसाळं, आणि उन्हाळ्यात मधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. माझी बहीण साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहते, तिकडं मुरूम आणि खाली खडक, तिथं एका पाइपानं भागलं नाही, लांब अंतरावर दुसरा टाकून दोन्ही जोडावे लागले. तेव्हा शेजाऱ्याचं अर्थिंग बघून आपलं ठरवू नका.

आणि हे लोक मोजतात. माझ्या मते चार स्टारातले दोन स्टार याचेच. बाकीचे वायरमन फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावतात, पेटला की ओके. बल्ब पेटायला अर्धा अँपसुद्धा लागत नाही, त्यावरनं फॉल्टच्या वेळी काय होईल ते कळत नाही. मामांच्या पोरानं अर्थ टेस्टर आणला, जमिनीत दोन खुंट्या लांब-लांब ठोकल्या, वायरी ओढल्या आणि रीडिंग घेतलं, ३ ओहमच्या थोडं वर आलं. मी म्हणलं झालं मग, आता काय भीती नाही. तर मामा म्हणले गणित करा. उद्या गीझरमध्ये फेज बॉडीला लागला, अर्थ समजा ५ ओहमचा आहे, २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँप. तुमचा १६ अँपचा सी कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे निदान ८० अँप लागतात. तो तापून पडेल, पण तोवर बॉडीवर करंट राहणार. म्हणून नुसत्या अर्थिंगवर थांबायचं नाही, ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडं गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवायचाच.

तो बसवला, तोसुद्धा ए टाइपचा, कारण कॉम्प्युटर, इन्व्हर्टरवाला फ्रिज, वॉशिंग मशीन यांची गळती साध्या एसी करंटसारखी स्वच्छ नसते, एसी टाइपवाला ती नीट ओळखेलच असं नाही. बसवल्या बसवल्या पडायला लागला. मला वाटलं पीसच खराब दिला. एक-एक सर्किट बंद करत गेले तर गीझरची कॉइल गळत होती, इतकी वर्षं आम्ही त्याच पाण्यानं आंघोळ करत होतो! कॉइल बदलली, तेव्हापासनं एकदाही उगाच पडला नाही. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातनं एकदा दाबायचं, पडला पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला काही कळत नाही, तेव्हा बिनधास्त बोर्डात बोटं घालू नका.

जाता जाता यूपीएसचं पण एक सांगून गेले. बॅकअप चालतो का बघायला आपण यूपीएसचा प्लग उपसतो, तसं करायचं नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं. बटणानं फेज तुटतो, अर्थ तसाच राहतो. प्लग उपसला की अर्थपण गेला आणि सगळी सिस्टीम परत लोंबकळत. थ्री पिनचं टू पिन करायचा आमच्याकडचा कन्व्हर्टर त्यांनी न विचारता कचऱ्यात टाकला, हे थोडं जास्तच झालं, पण बरोबर केलं. स्पाइक गार्डलाही अर्थ नसेल तर फेज किंवा न्यूट्रलकडनं अर्थला जायचा झटका कुठं सोडायचा तेच त्याला कळत नाही, नुसता महागडा मल्टिप्लग होतो. कॅबिनेट आता एकदम शांत. माझ्या पत्र्याच्या बॉडीच्या लॅपटॉपला मात्र अजून हलकं झिणझिणतं, त्याचा अडॅप्टरच दोन पिनचा आहे, घरातल्या अर्थिंगनं ते जाणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

आता कापलेला स्टार. सकाळी येतो म्हणतात आणि दिवे लागायच्या वेळेला उगवतात, फोन उचलत नाहीत. खड्ड्याची माती अंगणात तशीच टाकून गेले, ती आम्ही उचलली. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आधी तयार केमिकल अर्थिंगच (कोळसा-मिठाऐवजी तयार पावडर भरायचं) घ्या म्हणून बराच आग्रह केला, आमच्या मातीत साध्या पाइपावर भागतं हे त्यांच्याच रीडिंगवरनं दिसलं की, मग आग्रह कशाला? रेट स्वस्त नाही, मोजायचे पैसे वेगळे लावतात. पण ते पैसे मला खटकले नाहीत, एसएमपीएसचे खटकले.

वरच्या खोलीत अजून दोन वायरींचेच बोर्ड आहेत, तिथं हिरवी वायर ओढायची राहिली आहे. दिवाळीच्या आधी करून देतो म्हणलेत. दुकानात जाऊनच आठवण करावी लागणार, ते ठरलेलंच.