सीएनजी पिकअप, आठ महिने: दिवे घाटाने हिशेब बदलायला लावला

मागच्या महिन्यात टाइल्सच्या ४० पेट्या, म्हणजे जवळजवळ अकराशे किलो माल घेऊन दिवे घाट चढत होतो. मधल्या वळणावर गाडीने दम टाकला. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यावं लागलं, मागे एसटी हॉर्न देत होती. जुनी डिझेल गाडी हेच वळण तिसऱ्यावर ओढायची. त्या दिवशी मनात आलं, एव्हरेजच्या नादात चूक केली.

मंतरवाडीच्या गोडाऊनमधून दिवे घाटाने सासवडला रोज दोन खेपा, ७० किलोमीटर. सीएनजी भरल्या गाडीला किलोला १४ देते, जुनी डिझेल लिटरला ११ द्यायची. महिन्याच्या १७५० किलोमीटरला १२५ किलो गॅस, डिझेल असतं तर १५९ लिटर. पुण्यात दोन्हीच्या भावात आता फार अंतर उरलेलं नाही, तरी महिन्याला तीनेक हजार वाचतात. माझ्यासारख्याला ते कमी नाहीत. पण पंपावरची रांग? तिथे पाऊण तास जातो, आणि प्रेशर कमी असलं की टाकी अर्धीच भरते. दुपारची खेप त्यामुळे कितीदा बुडाली. ती बुडाली की वाचलेले पैसे गेलेच.

घाटाची तक्रार घेऊन दोनदा सर्व्हिस सेंटरला गेलो. "सीएनजीला चढाला असंच होतं," एवढंच उत्तर. यात खरं आहे ते इतकंच, की गॅस इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, म्हणून ताकद थोडी कमी पडते. डिझेलला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असतो, त्यामुळे इंजिन कमी फिरत असतानाच ओढ मिळते. पण पहिल्या दोन महिन्यांत माझी गाडी हेच वळण दुसऱ्यावर चढत होती, हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी हडपसरच्या ओळखीच्या मेकॅनिकने स्पार्क प्लग काढले. चारही प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडायची फट, वाढलेला, एकाच्या चिनी मातीला बारीक तडा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे लोडवर गाडी मिस मारत होती, म्हणजे मधेच गॅस पेटत नव्हता. नवे प्लग आणि एअर फिल्टर टाकला. आता ते वळण दुसऱ्यावर निघतं. तिसरा मात्र अजूनही लागत नाही, आणि लागणारही नाही.

म्हणून मत थोडं बदललंय. माझ्या वाटेत हा एकच घाट, म्हणून ही गाडी ठेवतोय. मात्र धाकट्या भावाचा माल खंबाटकी घाटातून साताऱ्याला जातो, त्याला डिझेलच घे म्हटलंय. तोच जर दिवसभर पेठांमध्ये थांबत-थांबत फिरणार असता, तर डिझेल नको म्हटलं असतं. बीएस-६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, अशा फिरण्यात चोंदतो.

शोरूमवाले ट्रायल रिकाम्या गाडीची देतात. भावाला सांगितलंय, माझ्या गोडाऊनमधून ४० पेट्या टाक, घाट चढून ये, मगच बुकिंगचे पैसे भर. रविवारी जाणार आहोत.