नाकावरचा डाग: तुकडा काढायचा की नुसता पाहायचा?

आत्याच्या नाकपुडीपाशी मोत्यासारखी चकाकणारी पुटकुळी आहे, दोन वर्षं न बरी होणारी. कर्वे रोडवरच्या डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा बघायचं दिव्याचं भिंग, लावला. त्यांना कर्करोगाचा संशय आला आणि ते ‘बायोप्सी करू’ म्हणाले. आत्याचा पहिला प्रश्न: "नाकावर टाके?" मग मी पर्याय शोधायला बसलो.

बायोप्सीत जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. दुखते ती भुलीची सुई. नंतर एखाद-दुसरा टाका, बारीक व्रण आणि रिपोर्टची काही दिवस वाट.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपीत सुईच नाही. मंद लेझर त्वचेवरून फिरतो आणि परतलेल्या प्रकाशातून पेशींचं करडं चित्र पडद्यावर उमटतं, तेही लगेच. यात मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, उजळ दिसतं, हे संशोधक मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं. आपल्या सावळ्या कातडीला फायद्याचीच गोष्ट! शिवाय तीच जागा महिन्याभराने पुन्हा बघता येते. कापलेली जागा पुन्हा जशीच्या तशी मिळत नाही.

गोम आहे ती खोलीत. हा प्रकाश जेमतेम पाव मिलिमीटर आत जातो. अळूवडीचा उंडा कापला की सगळे थर दिसतात. बायोप्सीचा तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट तसं पाहतो. कॉन्फोकल वरून एकेक पान बघतं आणि थोड्याच पानांनंतर थांबतं. गाठ किती खोल गेली, हे त्याला सांगता येत नाही. तळपायाची कातडी तर इतकी जाड की तिथे ते जवळपास निरुपयोगी, आणि आपल्याकडे मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग बऱ्याचदा तळपायावरच होतो. कुष्ठरोगाच्या शंकेतही त्वचेतल्या खोलवरच्या नसा बघायच्या असतात, तिथे तुकडाच हवा.

मग ते कुणासाठी? चेहऱ्यावर पसरट तपकिरी डाग असेल आणि नेमकं कुठे कापायचं हे ठरत नसेल, अंगावर संशयाचे बरेच डाग असतील, किंवा मलमाचा गुण येतोय का हे पाहायचं असेल, तर जरूर विचारा. मात्र आधी फोन करून खात्री करा: यंत्र खरंच कॉन्फोकल आहे ना, आणि चित्रं वाचणार कोण? कारण पडद्यावर मोठा डाग दाखवणारा साधा डर्मोस्कोपही ‘स्किन स्कॅन’ म्हणून खपतो.

आत्याच्या बाबतीत डॉक्टरांना संशय आधीच पक्का होता. स्कॅननेही ‘कापा’च म्हटलं असतं, मग खर्च दुप्पट कशाला? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे तिने डॉक्टरांना सांगितलं आणि मंगळवारची वेळ घेतली. सोमवारी भिशी आहे. नाकाला पट्टी लावून ती तिथे जाणार नाही.