पाठीवरची बाळंतपणाची बॅग : आठ महिन्यांनंतर

भामरागड तालुक्यात आरोग्य उपकेंद्राची एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी नर्स आहे. आधीच सांगते, घरी बाळंतपण करा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. दिवस भरत आले की बाईला दवाखान्यात आणायची धडपड असते. पण पर्लकोटा नदीला पूर येतो, पूल पाण्याखाली जातो, आणि कळा काही पाणी ओसरेपर्यंत थांबत नाहीत.

जुनी रेक्झिनची बॅग खांद्यावरून घसरून चिखलात गुडघ्यावर आपटायची. म्हणून मार्चमध्ये ही सॅक पदरच्या पैशाने घेतली. पाठीला मस्त बसते, नाला ओलांडताना दोन्ही हात मोकळे.

पण आतलं अस्तर काळं! कुणी ठरवलं असेल देव जाणे. पहिल्याच रात्री बाळ आईच्या पोटावर रडतंय, आणि मी टॉर्च दातांत धरून कॉर्ड क्लॅम्प, म्हणजे नाळेचा चिमटा चाचपतेय. नाळेची घाई नव्हती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी युनिफॉर्मच्या जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा आतून शिवला.

भरायचं उलट्या क्रमाने. शेवटी लागणारं, म्हणजे वजनकाटा नि कागद, तळाशी. साबण, ग्लोव्हज, मेणकापड अगदी वर. अ‍ॅम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, मात्र पुढच्या कप्प्यात एकटी. बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पहिल्या मिनिटातच हवा द्यावी लागते; तेव्हा उपसाउपशी परवडत नाही. या कप्प्यात ऑगस्टमध्ये तिच्या शून्य नंबरच्या, म्हणजे अगदी लहान बाळाच्या मास्कची कड चेपली. आता तो डब्यात ठेवते, आणि निघताना तळहातावर दाबून हवा गळते का बघते.

‘कूल पॉकेट’ला भुलू नका. दोन तासांत आइस पॅकचं पाणी झालं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणून ते व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लसींच्या थंड पेटीत. कॅरियर आशाताईच्या हातात. त्याचा भरवसा नसेल तेव्हासाठी त्याच कामाच्या, 200 मायक्रोग्रॅमच्या मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या, फॉइल न फोडता, झाकणाच्या खिशात. बाळ बाहेर आल्यावर पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री करते, मगच देते. त्याआधी दिली तर जिवावर बेतू शकतं.

चेन जुलैतच अडकू लागली. मेणबत्ती घासून चालवतेय. कंपनीला लिहिलं, उत्तर नाही. पाचपैकी साडेतीन. पांढऱ्या अस्तराची काढली तर आशाताईसाठी दुसरी घेईन.