अर्टिगाचे टायर बदलले त्याला नऊ महिने झाले, पुण्यातल्या रस्त्यांवरचा अनुभव

गाडी २०१९ ची पेट्रोल अर्टिगा, टायर साइझ १८५/६५ आर १५. शोरूममधून आलेले टायर ४७ हजार किमीला काढले, नवे चार मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात टाकले आणि आता त्यांच्यावर साडेनऊ हजार झालेत. त्यात एक अख्खा पावसाळा, कराडच्या सहा-सात फेऱ्या, एकदा ताम्हिणीतून दापोली आणि बाकी रोजचं धायरी ते येरवडा. तेव्हाच लिहिणार होतो, पण गोटा झालेल्या टायरवरून नव्यावर आलं की पहिला आठवडा काहीही टाका, लोण्यासारखंच वाटतं, म्हणून म्हटलं थोडं थांबू.

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये. लपवण्यासारखं काही नाही, पण नाव आलं की पुढचं कोणी वाचत नाही. आणि खरं सांगू का, नऊ महिन्यांनी मला वाटतंय की ज्या ब्रँडवर मी दोन महिने डोकं खपवलं तो या सगळ्या भानगडीत चौथ्या-पाचव्या नंबरचा मुद्दा होता. वरचे नंबर कोणाचे ते खाली येईलच.

आधी बदलले का ते सांगतो, कारण नक्षी अजून शिल्लक होती. टायरच्या खाचांमध्ये बारीक आडव्या पट्ट्या असतात बघा, टीडब्ल्यूआय म्हणतात, १.६ मिमी उंचीच्या, रबर झिजून त्यांच्या लेव्हलला आलं की टायर संपला. माझे पावणेतीन मिमीच्या आसपास होते, म्हणून मी निवांत, अजून एक पावसाळा सहज काढू असं म्हणत होतो. मग मार्चमध्ये वडगावच्या पुढे रात्रीचा एक खड्डा दिसलाच नाही. आवाज असा आला की मागे झोपलेली मुलगी उठून बसली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मागच्या डाव्या टायरला साइडला अर्ध्या लिंबाएवढा फुगा. आमचा पंक्चरवाला अंगठ्याने दाबून म्हणाला, "दादा, आतला दोरा तुटलाय, यावर हायवेला जाऊ नका, गावात पण नका फिरवू." स्टेपनी लावताना त्यानेच टॉर्च मारून बाकीचे तीन दाखवले, साइडला केसासारख्या बारीक भेगा. सहा वर्षं, त्यात लॉकडाउनमध्ये गाडी कित्येक महिने उन्हात एकाच जागी उभी. किलोमीटर कमी म्हणून मी खूश होतो, पण रबर नुसतं उभ्या उभ्याही म्हातारं होतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग सुरू झाला अभ्यास. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा, गुडइयर, सगळ्यांचे व्हिडिओ पाहून झाले, एक्सेल शीट झाली, शीटमध्ये रंग भरून झाले. सासरे म्हणाले आमच्या वेळी एकच टायर माहीत होता, तोच टाका. ऑफिसमधला एक जण म्हणाला ब्रिजस्टोन घे, चाकणला प्लांट आहे, आपल्याकडचाच टायर. बायको म्हणाली घरासाठी सोफा घेताना एवढं बघितलं नव्हतंस. या सगळ्यातून कामाची एकच गोष्ट निघाली ती म्हणजे आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा. टायरमध्ये सगळं एकदम मिळत नाही. मऊ रबर ओल्यात छान पकडतं पण झिजतं लवकर, कडक रबर पन्नास-साठ हजार काढतं पण आवाज करतं आणि पावसात जीव खालीवर. साइड जाड असली की खड्डे सोसते पण दणके आत येतात. माझं वर्षाला बारा-तेरा हजारच होणार, म्हणजे टायर झिजायच्या आधी वयानेच बाद होणार, मग ऐंशी हजार चालणारा टायर घेऊन करू काय? म्हणून ओल्यातली पकड आणि आवाज हे दोन वर ठेवले, टिकाऊपणा खाली. हे एवढं कळायला शीट लागली नसती म्हणा.

मध्ये एकदा दोनच टायर बदलायचा विचार आला होता, पैसे वाचतील म्हणून. पुढचे जास्त झिजतात तर नवे पुढे टाकू, असं दुकानदारही म्हणाला. पण दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे टाकायचे असतात. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आपण ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरते, पण मागची सुटली तर शेपूट फिरतं आणि मग घरच्या ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. शेवटी भेगा चारींना होत्या म्हणून चार घेतले.

खरेदी नाना पेठेत. तिथे पहिल्यांदा ऐकवलं गेलं ते हे की साहेब, १९५/६५ टाका, गाडी भारी दिसते, सगळे टाकतात. घरून हिशोब करून गेलो होतो म्हणून वाचलो. १८५ म्हणजे रुंदी मिमीमध्ये, ६५ म्हणजे साइडची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ इंची रिम. रुंदी वाढवून ६५ तसंच ठेवलं की टायर उंचही होतो, अख्खा व्यास ६२१ चा ६३४ मिमी, म्हणजे दोन टक्के. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवणार, पिकअप थोडा मरणार, आणि सात माणसं बसवून व्हील पूर्ण वळवलं की आत घासतंय का ते वेगळंच टेन्शन. साइझच्या पुढे ८८एच असं लिहिलेलं असतं तेही बघून घ्या. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे २१० च्या स्पीडपर्यंत चालतो. २१० ने कोण जातंय, पण सात सीटर गाडीला तो ८८ चा आकडा जुन्यापेक्षा कमी घेऊ नका.

आता तारीख. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गंमत म्हणजे हे चार आकडे बऱ्याच टायरला एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेली की बसा गाडीखाली झोपून. म्हणून रिमवर चढवायच्या आधीच चारही टायर जमिनीवर आडवे टाकायला लावले आणि मोबाइलचा टॉर्च मारून वाचले. तीन निघाले ०९२५, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटाचे, आणि चौथा ३१२३. पावणेदोन वर्षं जुना! मी बोट ठेवून दाखवलं तर पोरगा मालकाकडे बघतोय, मालक पंख्याकडे. "साहेब, गोडाउनमध्ये सावलीतच होता, काही होत नाही त्याला." होत नसेलही, पण मग मला पैसे नव्या टायरचे का लावताय? दहा मिनिटं चहा, दोन फोन, मग स्कूटरवरून एक १०२५ आला. आवाज चढवला नाही, नुसतं उभा राहिलो. पुण्यात हे जमतं.

एक टायर ५४०० ला पडला, चारचे २१,६००, जुने चार त्यांनाच दिले, फिटिंग-बॅलन्सिंग त्यातच. जीएसटी तेव्हा २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ ला १८ झाला. म्हणजे थांबलो असतो तर सतराशेच्या आसपास वाचले असते, पण तो फुगा काही माझ्यासाठी सप्टेंबरपर्यंत थांबला नसता. नायट्रोजनचे वेगळे मागत होते, नको म्हटलं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, उरलेल्यासाठी पैसे कशाला.

पहिले दोन-तीनशे किमी जपून चालवा, नव्या रबरावर साच्यातला बुळबुळीतपणा असतो. माझं ते धायरी-येरवडा करण्यातच गेलं आणि २०२५ ला पाऊस मे महिन्यातच सुरू झाला, त्यामुळे परीक्षा लगेच झाली. सिंहगड रोडला भर पावसात समोरच्या टेम्पोने बिनलाइटचा करकचून ब्रेक मारला, मीही मारला, पायाखाली एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम) थरथरलं आणि गाडी सरळ रेषेत थांबली, मध्ये एखाद्या स्कूटरची जागा ठेवून. जुन्या टायरवर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण तिथेच फेब्रुवारीत अवकाळीत अशीच वेळ आली होती तेव्हा गाडी अर्धी डिव्हायडरकडे सरकली होती. खंबाटकीच्या वळणांवर आणि ताम्हिणीत धुक्यातल्या पाण्यात एकदाही पोटात गोळा आला नाही. पकडीला माझ्याकडून पूर्ण मार्क.

आवाजाचं म्हणाल तर डांबरावर खूप फरक, सिमेंटच्या रस्त्यावर मात्र घूंऽऽ आहेच, ते कुठल्याच टायरने पूर्ण जात नाही. आई मधल्या रांगेत बसते, तिला टायर बदलल्याचं सांगितलंच नव्हतं, शिरवळच्या आसपास म्हणाली, "अरे, रेडिओ जरा बारीक कर, आज एवढा मोठा का लावलास?" रेडिओ रोजच्याच नंबरवर होता.

आता तक्रारी. साइड मऊ आहे. स्पीडब्रेकर, पेव्हर ब्लॉक वगैरे छान गिळतो, पण घाटात गाडी भरलेली असली की वळणावर किंचित डुलल्यासारखं होतं, जुना टायर इथे घट्ट होता. आणि फुटपाथला घासला की लगेच साल निघते, पेठेत पार्किंग करताना एकदा निघाली. मायलेज कागदावर १७.२ चा १६.७ झाला. आधी वैतागलो, मग लक्षात आलं की जुने टायर पाच मिमी झिजलेले, म्हणजे व्यास सेंटिमीटरभर कमी, चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरायचं आणि मीटर दीडेक टक्का फुगवून दाखवायचा. आता मीटर कमी पळतो. म्हणजे त्या अर्ध्या पॉइंटमधला निम्मा तर नुसता हिशोबातलाच.

आणि आता ते वरच्या नंबरवाले. नव्या टायरवर साडेतीन हजार किमी झाले आणि गाडी हलकी डावीकडे ओढायला लागली. वाटलं टायरच खराब. एका रविवारी पुढच्या डाव्या टायरवर सहज तळहात फिरवला, आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि बाहेरून आत आणताना किसणीवर घासल्यासारखं. उजव्याला तसं काही नाही. दुकानात टायर टाकताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, "केलं" होतं, पण रिपोर्टचा प्रिंट काही दिला नव्हता आणि मी मागितला नव्हता. दुसरीकडे नेलं, पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, टो (चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलीय ते) लाल रंगात, चांगलाच बाहेरच्या बाजूला. वीस मिनिटांचं काम, गाडी सरळ, आणि पुढच्या हजार किमीत ती किसणीही गेली. ते मला कळलं नसतं तर वीस हजारला आतली कड खाऊन टायर गेला असता आणि मी इथे ब्रँडच्या नावाने शंख केला असता.

हवेचंही तेच. पंपावरचा पोरगा आल्टो असो की इनोव्हा, न विचारता ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर किती हवा ते दिलेलं असतं, फुल लोडला वेगळा आकडा असला तर तोही. पाच-सहाशे रुपयांचा हवा मोजायचा गेज आणला तेव्हा कळलं की आमच्या नेहमीच्या पंपाचा मीटर तीन पीएसआय जास्त दाखवतो, म्हणजे वर्षानुवर्षं मी कमी हवेवर चालवत होतो आणि जुन्या टायरच्या दोन्ही कडा मधल्यापेक्षा जास्त का झिजल्या होत्या ते आत्ता समजलं. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. डिसेंबरमध्ये थंडी पडली तेव्हा पंक्चर नसताना चारही तीनेक पीएसआय खाली होते, मेमधल्या दुपारच्या आणि डिसेंबरमधल्या पहाटेच्या तापमानातला फरक तेवढं खातो. आता दर दुसऱ्या रविवारी बघतो. गाडी पुसायच्या आधी गेज, असं ठरवून टाकलंय, नाहीतर राहतं.

झीज मोजली गेल्या आठवड्यात, नवे होते तेव्हा ७.८ मिमी, आता पुढे ६.३ आणि मागे ६.९. डाव्या पुढच्याची आतली कड ५.९, ती त्या पहिल्या साडेतीन हजाराची कमाई. दहा हजारला रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, करणार आहे. नक्षी एकाच दिशेला फिरणारी नाही त्यामुळे डावी-उजवी पण बदलता येतील.

स्टेपनी मात्र अजून तीच, २०१९ ची, जमिनीला फारशी कधी न लागलेली. मार्चपासून दोन महिने तिनेच सांभाळून घेतलं, पण भेगा तिलाही आहेत, नक्षी कोरी करकरीत असून वय सहाच्या पुढे. पाचवा टायर घ्यायचा का, हे बायकोला विचारलं तर म्हणाली घे, पण ती शीट परत उघडायची नाही. रोटेशनच्या दिवशी तेवढा एक घेऊन टाकतो, आकडे वाचून.