ऑक्सिटोसिन की व्हासोप्रेसिन : प्रबंधासाठी कोणते संप्रेरक निवडावे?

मेंदूतील संप्रेरके, प्राण्यांचे वर्तन आणि शरीराचे तापमान यांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे बहुधा हे दोन पर्याय येतात. दोन्ही संप्रेरके मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होतात, दोन्ही नऊ अमिनो आम्लांची बनलेली आहेत आणि त्यांच्यात फरक आहे तो केवळ दोन आम्लांचा.

तापमान हा मुख्य प्रश्न असेल, तर माझा कौल व्हासोप्रेसिनला आहे. विण्याच्या सुमारास मेंढीला ताप आणणारे जिवाणूजन्य द्रव्य टोचले तरी ताप चढत नाही, असे १९७८ मध्ये आढळले. पुढच्याच वर्षी, व्हासोप्रेसिन थेट मेंदूच्या सेप्टल भागात सोडले असता मेंढीचा ताप कमी होतो, निरोगी मेंढीचे नेहमीचे तापमान मात्र बदलत नाही, हेही दिसून आले. इतका नेमका परिणाम अभ्यासाला फार मोलाचा असतो. ऑक्सिटोसिनचा ग्राही (संप्रेरक ज्याला चिकटून काम करते तो पेशीवरचा रेणू) नसलेल्या उंदरांना कडक थंडीत शरीराची ऊब टिकवता येत नाही, हे खरे; पण ते तपासायला जनुकबदल केलेले उंदीर लागतात.

वर्तनाच्या बाबतीत निवड अवघड होते. अमेरिकेतील प्रेअरी व्होल या कृंतकाच्या जोडीनिष्ठेचे श्रेय वर्षानुवर्षे ऑक्सिटोसिनला दिले गेले, परंतु त्याचा ग्राही जनुकसंपादनाने काढून टाकलेले व्होलही जोड्या बांधतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. याउलट सोनेरी हॅमस्टरच्या हायपोथॅलॅमसमध्ये व्हासोप्रेसिन टोचले की तो लगेच कुशीतली गंधग्रंथी पिंजऱ्याच्या भिंतीवर घासू लागतो, आणि हे वर्तन मोजताही येते. अर्थात व्हासोप्रेसिन शरीरातील पाणी आणि रक्तदाबही सांभाळते, त्यामुळे नियंत्रण गट काटेकोर हवा.

प्रयोगशाळाच हाताशी नसेल, तर मात्र ऑक्सिटोसिनच घ्यावे. रेडकू कासेला लावल्यावर म्हैस पान्हा सोडते आणि अनोळखी जागी बिचकली की चोरून धरते, त्यामागे हेच संप्रेरक असते. गोठ्यात बसून, एकही सुई न टोचता, पान्हा फुटायला लागलेला वेळ नोंदवता येतो. तापमानाचा भाग त्यात जवळजवळ सुटतो, हे मार्गदर्शकांना आधीच सांगावे. दुसरीकडे, प्राण्याला काहीही टोचायचे असल्यास संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि तो वेळ वेळापत्रकात धरूनच विषय नोंदवावा.